गेंडा विरुद्ध चिमणी

“तू मागे का सरकलीस?” धाकट्याने विचारलं.

“कुठे सरकले?” ताई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली.

“चिमणी खालून वर येत होती, तुझा गेंडा कडेलाच उभा होता. एक धडक दिली असतीस तर मी संपलो होतो. आणि तू मागे गेलीस.”

“चुकून गेले रे.”

“मागच्या डावातही चुकूनच गेलीस. त्याच्या आधीच्याही.”

ताईने कंट्रोलर खाली ठेवला. चोरी पकडली गेली होती.

खेळ तसा सोपा होता. अधांतरी तरंगणारा एक चौथरा आणि त्यावर दोन प्राणी. मार खाल्ला म्हणून कोणी मरत नसे, पण जितका मार जास्त, तितका प्राणी पुढच्या फटक्याला लांब उडे. उडून बाहेर गेला आणि परत चौथऱ्यावर येता आलं नाही, की एक जीव गेला. प्रत्येकाला जीव तीन. ताईचा गेंडा बोजड, पण एकदा धडकला की विषय संपला. धाकट्याची चिमणी अंगाने हलकी, फटका बसला की दूर भिरकावली जाणारी, पण हाताला लागेल तर शपथ. कॉलेजच्या दिवसांपासून दोघं हेच प्राणी घेऊन खेळत आले होते आणि इतक्या वर्षांत ताई एकदाही जिंकली नव्हती. एरवी ती कोणाला हार जाणारी बाई नव्हे. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची आणि मालकसुद्धा तिच्या टेबलापाशी आला की आवाज खाली आणून बोलायचा.

धाकटा मोबाइल दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी त्याच्या बोटांतून बारीक स्क्रू निसटायला लागले, तेव्हा ताईने घरचा वैद्य असल्यासारखं निदान केलं की नंबर वाढला असणार. मोठ्या हौसेने तिने त्याला नवा चष्मा करून दिला. महिनाभर तो चष्मा लावून तो स्क्रू पाडत राहिला. नंबर वाढलेला नव्हताच. हातांचे स्नायू झिजत चालले होते, आणि डॉक्टरांनी ते इतक्या मऊ आवाजात सांगितलं की आईला वाटलं, आता बरं होणार. तो फुकट गेलेला महिना ताईच्या मनातून जात नव्हता.

ती चहा टाकायला उठली. आई स्वयंपाकघरात कान लावूनच उभी होती.

“काय म्हणतोय?”

“मी मुद्दाम हरते ते कळलंय त्याला.”

“कळू दे. तू हरच,” आई दबक्या आवाजात म्हणाली. “तेवढंच सुख राहिलंय त्याला. तुला कुठे कोणी बक्षीस देणार आहे?”

“आई, तो काय लहान आहे का?”

“माझ्यासाठी आहे,” आई म्हणाली आणि कपबश्या उगाच पुन्हा विसळायला लागली.

ताईने त्याचा कप अर्धाच भरला. भरलेला कप आताशा त्याला पेलत नसे.

“इकडे बस,” धाकटा म्हणाला. “चिमणीला कसं मारायचं ते सांगतो.”

“आत्ता सांगतोस? इतकी वर्षं काय तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?”

“सांगितलं असतं तर हरलो असतो.” तो हसला. “तू तिच्या मागे धावतेस, तिथेच फसतेस. गेंड्याने धावायचं नसतं. मधे उभं राहायचं आणि तिला येऊ द्यायचं. बाहेर फेकली गेली की परत यायला तिच्याकडे दोनदा पंख मारणं आणि एक भरारी, एवढंच असतं. भरारी घेतली की पुढे तिला काही करता येत नाही. पंख मारताना तू लगेच धडकतेस आणि ती बगल देते. कडेला थांब. भरारी संपू दे. मग मार.”

“नको रे.”

“ताई, माझा अंगठा आता उशिरा उठतो. आणखी थोड्या दिवसांनी चिमणी कोणी न मारताच खाली पडेल. दोन पंखसुद्धा मारता येणार नाहीत मला. त्याच्या आधी तिला कोणीतरी खरं हरवू दे. आपोआप गळून पडली, असं नको.”

तिने कंट्रोलर उचलला.

त्याच्या आजारानंतर पहिल्यांदाच ती हातचं न राखता खेळली. गेंडा मधोमध ठाण मांडून उभा राहिला. धाकट्यानेही जीव ओतला. एकदा त्याने गेंड्याला असं चकवलं की ताईच्या तोंडून शिवी निघाली आणि तो खूश झाला. दोघांचाही एकेकच जीव उरला. धडक बसून चिमणी दूर गेली. एक पंख. बऱ्याच वेळाने दुसरा. मग भरारी. ताई कडेला थांबली. तिच्या धंद्यात काच जास्त घासली गेली की परत वाढवता येत नाही. बटणावर बोट ठेवताना तिला तेच आठवलं. मग तिने बटण दाबलं.

चिमणी पडद्याबाहेर गेली.

“हां,” धाकटा म्हणाला. “आता बरोबर.” त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि दुखरे अंगठे काखेत धरून बराच वेळ समाधानाने बसून राहिला.

“कोण जिंकलं?” आतून आईने विचारलं.

“मी,” ताई म्हणाली. त्या दिवशी आई तिच्याशी बोलली नाही.

पावसाळा सरेपर्यंत त्याचे अंगठे उठेनासे झाले. तरी रविवारी दुपारी तो म्हणाला, “लाव.” ताईने खेळ लावला, दोन्ही प्राणी निवडले, आणि त्याचा कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवून त्यावर त्याचा तळवा नीट बसवून दिला. चौथऱ्याच्या एका टोकाला चिमणी जागच्या जागी श्वास घेत उभी होती.

“गेंडा मधे घे,” तो म्हणाला. “आणि थांब.”

ताईने गेंडा मधे घेतला आणि ती थांबली.

आई कपड्यांच्या घड्या घालायला बाहेर आली. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग दोघांकडे. त्या खेळात पाळी नसते हे तिला कधीच कळलं नव्हतं.

“नुसतेच काय बसलात? कोणाची पाळी आहे?”

“त्याची,” ताई म्हणाली.