पाय न टेकता

“मग मागची गाडी कोण चालवणार?”

यंदा फेरीत मी स्वतः सायकल चालवणार, असं सांगितल्यावर सेत्तिमिओला पडलेला हा पहिला प्रश्न. जमेल का, दमशील का, काही नाही. गाडी कोण चालवणार!

त्याचंही खरंच होतं म्हणा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्या रोक्काव्हेर्ना गावचे सायकलवाले लोकरीचे जुने सदरे चढवतात, बापाच्या वेळच्या लोखंडी सायकली बाहेर काढतात आणि फेरीला निघतात. खाली नदीपर्यंत उतरायचं, समोरच्या डोंगरावरचं कास्तेल्फोस्को गाठायचं, मग पिएत्राल्ता, आणि शेवटी सान व्हेरोची खिंड चढून वरून पुन्हा आपल्याच गावात यायचं. आणि लग्न झाल्यापासून या सगळ्यांच्या मागून जुनाट गाडीत रांगत येणारी बाई म्हणजे मी, नीवेस. केळी माझ्याकडे, पंक्चरचं सामान माझ्याकडे, कोणाची कंबर धरली तर मलम माझ्याकडे, आणि खिंडीत पोचल्यावर सदऱ्याच्या आत घालायची वर्तमानपत्रंही माझ्याकडेच. घामेजलेल्या छातीवर वर्तमानपत्र न घालता सान व्हेरोचा उतार उतरलं की आठवडाभर अंथरूण धरलंच समजा. जाकीट चालत नाही. जाकीट बाहेरून आलेल्या पर्यटकांनी घालायचं, असा सेत्तिमिओचा कायदा.

हा सेत्तिमिओ आमच्या मंडळाचा अध्यक्ष. पंच्याहत्तरी गाठली तरी पाय अजून धडधाकट, आणि जीभ पायांपेक्षा धडधाकट.

“इवानो चालवेल की गाडी,” मी म्हटलं. इवानो त्याचाच जावई.

“त्याला क्लच कुठे असतो ते तरी माहीत आहे का?”

“मला काय विचारता? जावई तुम्ही पसंत केलाय.”

माझा नवरा ओरेस्ते खाली मान घालून चेनला तेल देत होता. त्याचे खांदे हलताना दिसले, म्हणजे हसत होता. माणूस भला आहे, पण सेत्तिमिओसमोर मोठ्याने हसायची छाती नाही.

“ठीक आहे, ये बापडी,” सेत्तिमिओ म्हणाला. “पण सान व्हेरोच्या चढावर पाय टेकलास की मुकाट्याने गाडीत बसायचं. आम्ही कोणासाठी थांबत नाही.”

पाय टेकण्याचीच तर सगळी गोष्ट आहे. खिंडीच्या माथ्यावर सान व्हेरो या संताचं चिमुकलं चर्च आहे, आणि त्याच्या घंटेची दोरी बाहेर भिंतीवरून लोंबते. खालच्या गिरणीच्या पुलापासून माथ्यापर्यंत जो एकदाही पाय न टेकता चढेल, त्याने ती दोरी ओढून एक ठोका द्यायचा. चेन निसटली, मेंढ्या आडव्या आल्या, काही सबब चालत नाही. टेकला तर टेकला, पुढच्या वर्षी या. ठोका खाली गावात स्वच्छ ऐकू येतो. चौकात खुर्च्या टाकून म्हातारी मंडळी मोजत बसतात. कोण आला, कोण राहिला, यावर जेवणाच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत चर्चा चालते.

माझी आईही तिथेच बसते. आर्जिया तिचं नाव. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो, पण कान असे की गल्लीच्या टोकाला कोण खोकलं ते सांगेल. तिच्या दाराशी गेले की ती उघडेपर्यंत मी बेल दाबून धरते. उगाच काळजी वाटते. आणि ती काठी आपटत आतून ओरडत येते, “बहिरी नाही झाले मी अजून!”

दोन वर्षांपूर्वीच्या फेरीनंतर तिला घरी पोचवत होते, तेव्हा चालता चालता म्हणाली, “इतकी वर्षं ठोके मोजतेय मी. सगळ्यांच्या घरचा वाजला. माझ्या घरचा एकदाही नाही.”

“ओरेस्तेचा वाजतो की, आई.”

“तो त्याच्या आईचा. मला एकच पोर, आणि ती गाडीत बसून केळी वाटते.”

ते मला लागलं. घरी येऊन भांडी घासताना रडले सुद्धा. आईचे कान शाबूत आहेत तोवर एकदा, फक्त एकदा, ती घंटा मला तिच्यासाठी वाजवायची होती. मला दुसरं काही नको होतं. सेत्तिमिओचं नाक कापलं गेलं तर तो वरकड फायदा.

मग ओरेस्तेने त्याच्या थोरल्या भावाची सायकल माझ्या उंचीला बसती करून दिली, आणि दोन वर्षं मी पहाटे, गावातल्या खिडक्या उघडायच्या आत, चढ चढत राहिले. अर्ध्यापर्यंत, मग पाऊणपर्यंत. माथ्यापर्यंत पाय न टेकता अजून एकदाही जमलं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, ओरेस्तेला सोडून.

फेरीच्या दिवशी कास्तेल्फोस्कोच्या वेशीतून आत शिरलो तेव्हा वरच्या खिडकीतून एक बाई ओरडली, “नीवेस! गाडी बंद पडली का गं?”

“गाडी कसली, मी सुरू झालेय!” मी खालून ओरडले. काय बरं वाटलं म्हणून सांगू. दगडी गल्लीतून सायकल खडखडत होती, दातावर दात आपटत होते, आणि मी एकटीच हसत होते. इतकी वर्षं या गल्ल्या मी काचेतून बघितल्या. भाजणाऱ्या कांद्याचा वास कुठल्या घरातून येतो, ते मला या वयात कळलं.

पिएत्राल्तावाल्यांनी नेहमीप्रमाणे मसुराचं सूप आणि लाल वाइन ठेवली होती. त्यांचा मसूर आमच्यापेक्षा बारीक आणि मिजास आमच्यापेक्षा मोठी. माझा दुसरा घास तोंडात असतानाच सेत्तिमिओने शिट्टी मारली आणि बापे निघाले. ओरेस्ते घुटमळला.

“जा,” मी म्हटलं. “तू शेजारी असलास की मी तुझ्यावर चिडण्यात दम घालवते.”

“ते खरं आहे,” तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून त्याने सदऱ्यातून खेळाचं गुलाबी वर्तमानपत्र काढलं आणि माझ्या पाठीच्या खिशात खोचलं. “आजचं आहे. मी वाचलं नाही अजून. तुझ्यासाठी घेतलं.” सकाळचा पेपर न वाचता दुसऱ्याला देणं म्हणजे ओरेस्तेच्या दृष्टीने काय असतं, ते मलाच ठाऊक.

गिरणीचा पूल ओलांडला आणि चढ सुरू झाला. रस्त्यावर चेस्टनटची काटेरी बोंडं पडलेली. मी माझ्या चालीने, श्वास मोजत, खाली बघत चढत होते. थोड्या वेळाने मागून गाडीचा हॉर्न. इवानो काच खाली करून म्हणाला, “नीवेसकाकू, मी पुढे होतो. इतक्या हळू चालवलं की इंजिन तापतं. वर जाऊन बसतो निवांत.”

“अरे, मागची गाडी मागे असते!”

“तुम्ही आहात ना मागे,” असं म्हणून तो बेटा गेला सुद्धा.

अर्धा चढ गेला. पाऊण गेला. मांड्या पेटल्या होत्या, पण त्या रोजच पेटतात. आणि अक्रोडाच्या वळणावर, जिथे रस्ता जरा रुंद होतो, तिथे कठड्यावर सेत्तिमिओ बसलेला. सायकल बाजूला आडवी.

सेत्तिमिओ! बसलेला!

थांबायचं म्हणजे पाय टेकायचा. पुढे जायचं म्हणजे माणसाला तसंच टाकून जायचं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. मी त्या वळणावर गोल गोल फिरायला लागले.

“काय झालं?” पहिल्या फेरीत मी विचारलं.

“काही नाही. डोंगर बघतोय.”

वळणाचा वरचा भाग चढून मी परत आले. “पंच्याहत्तर वर्षांत बघून झाले नाहीत का?”

“तू जा ना. तुझं काय अडलंय?”

त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि दोन्ही हातांनी पोटरी आवळून धरली होती. गोळा आला होता, चांगला मुठीएवढा. अंगावर नुसता लोकरीचा ओला सदरा, खालून धुकं वर चढत होतं, आणि मदतीला असायची ती गाडी माथ्यावर निवांत बसलेली.

“टाच कठड्याला लावा आणि बोटं आपल्याकडे ओढा,” मी पुढच्या फेरीत ओरडले आणि लिंबू-मिठाच्या पाण्याची बाटली त्याच्याकडे फेकली. त्याने ती झेलली. “ओढा! जोरात!”

“आई गं!”

“तेच. आणखी ओढा.”

एकेका फेरीत एकेक वाक्य, असं आमचं चाललं होतं. मला भोवळ यायला लागली. खालच्या बाजूने वर वळताना चाक एका चेस्टनटवर चढलं, सायकल हेलकावली आणि माझा डावा पाय पॅडलवरून सुटला. रस्ता माझ्या तळव्याखाली बोटभर उरला होता. संपलं, असं मनात आलंसुद्धा.

“टेकू नकोस!” सेत्तिमिओ ओरडला. पोटरी सोडून चक्क एका पायावर उभा राहून ओरडला. “टेकू नकोस, पोरी! हँडल उताराकडे मोकळं सोड! सोड!”

मी हँडल उताराकडे वळू दिलं. सायकल सरळ झाली, पाय पुन्हा पॅडलवर गेला. तो अजून एका पायावरच उभा होता. आपण कोणासाठी ओरडलो हे त्याच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं.

मग त्याने सायकल उचलली, उताराच्या दिशेने तोंड करून तिच्यावर बसला आणि वळून माझ्या शेजारी आला. पाय अजून नीट चालत नव्हता. मी एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि जमेल तेवढा रेटा देत राहिले. पाठीला हात लावू नये असं नियमात कुठे म्हटलेलं नाही. शेवटची वळणं आम्ही अशीच चढलो.

माथ्यावर बघते तर सगळे बापे चर्चच्या भिंतीला चिकटून कुडकुडत उभे. आम्ही कोणासाठी थांबत नाही म्हणणारे! कारण लगेच कळलं. इवानोने गाडी लख्ख धुऊन आणली होती, आणि धुताना डिकीतली जुन्या वर्तमानपत्रांची थप्पी रद्दी म्हणून फेकून दिली होती. तो बिचारा बातम्या फोनवर वाचतो. जाकीट कोणाकडेच नाही, आणि कागदाशिवाय उतरायची कोणाची टाप नाही.

“चला, सेत्तिमिओ आला!” दुईलिओ न्हावी म्हणाला. “ओढ बाबा दोरी आणि आता काय करायचं ते सांग. गोठलो आम्ही.”

सेत्तिमिओ दोरीपाशी गेला. इतकी वर्षं ती ओढणारा हात तिच्यापर्यंत पोचलासुद्धा. मग त्याने ती धरली आणि माझ्याकडे वळवली.

“मी पाय टेकला,” तो म्हणाला. “अक्रोडापाशी. हिने नाही टेकला.”

मग दुईलिओने हळूच विचारलं, “नक्की?”

“मी बसून बघितलंय. माझ्याइतकं नक्की कोण सांगणार?”

ओरेस्ते भिंतीपाशी उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि आई, आई, एवढंच मनात म्हणत जीव खाऊन ओढली. घंटा वाजली. पुन्हा ओढली. पुन्हा वाजली. एक ठोका झाल्यावर थांबायचं असतं हे मला माहीत होतं, पण हात ऐकेनात. ओढतच राहिले. शेवटी ओरेस्तेने माझी बोटं एकेक करून दोरीवरून सोडवली.

तेवढ्यात इवानोचा फोन वाजला. खाली गावात घबराट उडाली होती. सान व्हेरोची घंटा सलग वाजली म्हणजे जंगलात आग, असं आमच्याकडे पूर्वापार ठरलेलं आहे. आगीचा बंब निघायच्या तयारीत होता.

“आग नाही,” इवानो फोनवर म्हणाला. “नीवेसकाकू आहेत.”

मी पाठीच्या खिशातलं गुलाबी वर्तमानपत्र काढलं आणि पानं सुटी केली. प्रत्येकाला एकेक मिळालं. फुटबॉलचं पान ओरेस्तेला दिलं, निदान छातीपाशी तरी राहील म्हणून. सेत्तिमिओने त्याचं पान सदऱ्यात सारलं आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी आधी गाडीसाठी माणूस शोधू. आणि मग इवानोला सायकलवर बसवू, म्हणजे कळेल त्याला.” एवढं बोलून तो उताराला लागला, पण पहिल्या वळणावर ब्रेक लावून मागे बघत थांबला. मी आल्यावरच पुढे निघाला.

चौकात पोचलो तर आईच्या खुर्चीभोवती निम्मं गाव गोळा झालेलं. मी सायकल तशीच भिंतीला टेकवली आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिने माझा चेहरा चाचपला, मग सदऱ्यातला चुरगळलेला कागद चाचपला.

“सगळे आग आग करत धावले,” ती म्हणाली. “मी म्हटलं, बसा गप. आग नाही, काही नाही. माझी लेक आलीय वर.”

“तुला कसं कळलं, आई?”

“माझ्या दाराशी तरी दुसरं काय करतेस?” माझा हात तिने घट्ट धरून ठेवला होता. “पुढच्या वर्षी एकदाच वाजव. बहिरी नाही झाले मी अजून.”