जर-तरची चकती

मी एक चकती बोलतेय. जेवायच्या ताटाएवढी, पुठ्ठ्याची, दुहेरी. सातपूरच्या एका शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीत, काचेच्या कपाटात उभी आहे. काचेवर चिठ्ठी चिकटवलेली : 'हात लावू नये.' शिकवायची वस्तू, आणि तिला हात लावायचा नाही! या माणसांच्या अकलेला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एकोणीसशे शहात्तरचा. इंग्रजी शिकवणाऱ्या मल्हारी सरांना तालुक्याच्या प्रदर्शनात शैक्षणिक साधन मांडायचं होतं. मांडणार सर, पण कापलं, चिकटवलं, रंगवलं ते त्यांच्या बायकोनं, अंबूबाईंनी. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन एक मोठा गोल कापला, एक लहान, आणि मधोमध शर्टाचं बटण शिवलं. बाहेरच्या गोलावर इंग्रजीतले 'जर', आतल्यावर 'तर'. फिरवायचं, जोडी जुळवायची, मोठ्यानं वाचायचं. नाही जुळली तर हसायचं आणि पुन्हा फिरवायचं. माझा दुसरा नंबर आला. हार सरांच्या गळ्यात पडला, अंबूबाई घरी भाकरी थापत होत्या.

त्या दिवसापासून मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कपाटाच्या डोक्यावर. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे, तेव्हाच मला खाली उतरवायचे. त्याआधी आठवडाभर वर्गात नुसती घोकंपट्टी. 'इफ आय वेअर अ किंग, आय वुड हेल्प द पुअर.' मी राजा असतो तर गरिबांना मदत केली असती म्हणे. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांची ती पोरं, सगळी एका सुरात राजे व्हायची. एकीनं एकदा विचारलं, "सर, राजाऐवजी डॉक्टर म्हटलं तर?"

"साहेबांपुढं राजाच म्हणायचं," सर म्हणाले.

झालं व्याकरण. साहेब यायचे, सर मला एकदा फिरवायचे, पोरं ओरडायची, साहेब चहा पिऊन मान डोलवायचे आणि मी परत कपाटावर. देखल्या देवा दंडवत. पुढं सर मुख्याध्यापक झाले, तरी आठवीचं इंग्रजी त्यांच्याकडंच राहिलं. म्हणजे आठवीचं नशीबही तिथंच राहिलं.

मग एक्क्याऐंशी साल आलं आणि मला खरं गिऱ्हाईक भेटलं. विमलाबाई, शाळेच्या सेविका. झाडलोट, घंटा, पाणी, चहा, सगळं त्यांच्याकडं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. मॅट्रिकला फक्त इंग्रजीत नापास झालेल्या. शाळेचे लिपिक भिकनराव येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. विमलाबाई मार्चमध्ये पास झाल्या तर ती खुर्ची त्यांची, असं संस्थेनं कबूल केलं होतं. नाही झाल्या तर चेअरमनचा भाचा टपून बसलेलाच होता.

"सर, दुपारच्या सुट्टीत ती चकती घेऊ का जरा? जर-तरचं लय अडतंय," त्यांनी विचारलं.

"बाई, साधन मळतं. ते साहेबांसाठी आहे."

पण डबा खाल्ला की सर टेबलावर डोकं ठेवून घोरायचे. तेवढ्यात विमलाबाई स्टुलावर चढायच्या आणि मला घेऊन व्हरांड्यात बसायच्या. ठेचा-भाकरीचा हात कितीही धुतला तरी बोटांना तेल राहतंच, ते माझ्या कडेला लागायचं. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. 'पाऊस पडला तर मी राजा होईन' असं काहीतरी जुळलं की त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "इफ आय पास, आय विल बी अ क्लार्क." हे वाक्य माझ्यावर कुठंच नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनानं केलं होतं.

फेब्रुवारीत साहेब आले. सरांनी वर्तमानपत्र सोडलं आणि माझी तेलकट कड बघून त्यांचा चेहरा पडला. साहेबांनी मला हातात घेतलं, निरखलं.

"हे वापरलेलं दिसतंय. शाळाशाळांतली कोरी साधनं बघून कंटाळलो हो मी."

"रोजचा सराव असतो आपला, साहेब," सर म्हणाले.

विमलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. सरांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पुढं होऊन ट्रे टेबलावर ठेवला. खुर्ची ज्यांच्या शिफारशीवर मिळायची त्यांना खोटं कसं पाडणार? साहेबांनी झकास शेरा लिहिला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

आणि या शहाण्यांनी पुढं काय करावं? वापरल्याबद्दल माझं कौतुक झालं, म्हणून माझा वापरच बंद केला. काचेचं कपाट आलं, कुलूप आलं, ती चिठ्ठी आली. परीक्षा तोंडावर आलेली. विमलाबाईंनी "परीक्षेपुरती तरी द्या" म्हणून विनवलं. "आता ती शाळेची शान आहे," सर म्हणाले.

दोन दिवस त्या काचेतून माझ्याकडं बघत राहिल्या. नजरेनं का चकती फिरते? तिसऱ्या दिवशी त्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला. ताटलीभोवती पेन्सिल फिरवली, वेडेवाकडे गोल कापले, मधोमध केसातली पिन खुपसली. जर त्यांचे, तर त्यांचे. सरांच्या दारासमोरच बसून भर सुट्टीत मोठ्यानं वाचायला लागल्या.

"हे काय आणलंत?" सर उठून बाहेर आले.

"साधन हाय, सर. वापरायचं."

सर आत गेले. मी एवढी खूश कधीच झाले नव्हते.

जूनमध्ये निकाल लागला. विमलाबाई पास. भाचा हात हलवत परत गेला आणि खुर्ची बाईंना मिळाली. सत्काराला सरांनी भाषण ठोकलं : हा सगळा आपल्या शाळेच्या साधनाचा चमत्कार! मी काचेआड ऐकत होते. लाज कशी ती वाटत नाही या माणसाला! वर म्हणतात, "बाई, तुमची ती चकतीही द्या. कपाटात दोन्ही शेजारी शोभतील."

विमलाबाईंनी ती पिशवीत डब्याखाली सरकवली. "नाय सर. धाकटी माझी आठवीत गेलीय. तिला लागंल."

मी त्या ओबडधोबड चकतीचा हेवा करते. पोरीच्या हाताखाली तिच्या कडा फुटतील, अक्षरं पुसली जातील, वर्षभरात ती फाटेलसुद्धा. मी मात्र अजून धडधाकट आहे. या तुम्ही आता. लांबूनच बघा.