शेवटच्या संधीचा फळा

मित्रांनो, विद्यापीठातला एक जुना, चाकांच्या चौकटीवर उभा असलेला हिरवा फळा तुमच्याशी बोलतो आहे. सुताराने मला घडवलं तेव्हा रंगाचा हात तीनदा फिरवला होता. पुढे कित्येक वर्षं प्राध्यापक माझ्यावर लिहीत आणि मुलं मान खाली घालून उतरवून घेत. "अक्षर कसं ठसठशीत उमटतं!" असं सगळे म्हणायचे. मग वर्गावर्गात प्रोजेक्टरचे पडदे आले आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो.

तिथून मला एका बाईंनी बाहेर काढलं. नापास झालेल्या मुलांना अभ्यास कसा करायचा, हे त्या शिकवत. त्यांनी खडू मुलांच्याच हातात दिला. "वही मिटा. आठवेल ते लिहा," एवढाच त्यांचा हुकूम.

त्या वर्गात औषधशास्त्राची एक मुलगी होती. एका विषयात दोनदा नापास झालेली. आता शेवटची संधी, नाहीतर नाव कमी होणार. परीक्षेला बाराच दिवस उरले होते. तिची वही पानोपानी पिवळ्या रेघांनी रंगलेली होती. ती माझ्यासमोर आली, तिने दोन ओळी लिहिल्या आणि ती थिजली.

"मॅडम, घरी सगळं येत होतं हो."

"घरी वही उघडी होती, बाळ."

ती रडवेली होऊन निघून गेली. बाई दाराकडे बघत राहिल्या. "जास्तच ताणलं का मी?" त्या पुटपुटल्या. मलाही धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरण्याआधीच ती हजर! वही पिशवीतच ठेवून तिने पाच ओळी लिहिल्या. मग वही उघडून चुका शोधल्या, मला पुसलं, पुन्हा लिहिलं. रोज हेच. परीक्षेच्या आदल्या सकाळी मी काठोकाठ भरलो, पण एका औषधाचा परिणाम तिला काही केल्या आठवेना. बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"थांबा मॅडम, सांगू नका!" ती ओरडली आणि तिने लिहिलं. बरोबर लिहिलं.

निकालाच्या दिवशी ती धावत आली. "विषय सुटला, मॅडम!"

आता माझी चौकट खिळखिळी झाली आहे. मित्रांनो, दोन खिळे ठोका, पण मला अडगळीत टाकू नका. आणि माझ्यासमोर कुणी अडलंच, तर उत्तर सांगायची घाई करू नका. खडू त्याच्याच हातात राहू द्या.