केसपेपरवरची तारीख

२०२१ साली सेनगावात आमच्या ह्यांची नजर अंधुक झाली. ह्यांनी उभा जन्म तहसीलमध्ये कारकुनी केलेली. त्यामुळे आरोग्य विम्याची नवी पॉलिसी त्यांनी भिंग लावून ओळ न् ओळ वाचली.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांनंतर मिळतं. चष्मा अन् थेंब तर न्हाईच," ते म्हणाले.

"पण बाबा, नुसतं दाखवायला काय जातं?" आमची अनुश्री म्हणाली.

"केसपेपरवर तारीख पडते, पोरी. मग जुना आजार म्हणून क्लेम नाकारतात. कागद तुला जास्त कळतात का मला?"

एके काळी मी निवडलेल्या तांदळातला खडा हे लांबून दाखवत. आता ते दाराच्या चौकटीला धडकू लागले, तरी मी दिवसच मोजत राहिले.

दोन वर्षं भरली त्याच आठवड्यात आम्ही हिंगोलीला गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं.

"मोतीबिंदू थोडासाच आहे. नजर काचबिंदूनं गेली. ती परत येत नाही. थेंब वेळेवर घातले असते तर राहिली असती."

"पण थेंब पॉलिसीत बसत न्हाईत," हे म्हणाले.

"दुकानात मिळतात ना, आजोबा."

अनुश्री आता नांदेडला असते आणि हा विषय काढत नाही. मी ह्यांना पेपर वाचून दाखवते. दरसाल पॉलिसीचा नवा कागद आला की हे त्यावर बोटं फिरवतात आणि विचारतात, "तारीख बराबर हाय ना?"