मस्यू लापॉइंतचा पत्रा

नव्या टायरांना हळदकुंकू लावल्याशिवाय गाडी ड्राइव्हवेतून हलू द्यायची नाही, असा जयंतीबाईंनी हट्ट धरला तेव्हा त्यांच्या जावयाने, गुरुदत्तने, हात टेकले. सांगलीहून कॅनडात ब्रॉसार्डला मुलीकडे आल्यापासून बाईंनी या गाडीला ‘खटारा’ सोडून दुसरं नाव दिलं नव्हतं. पण टायर नवे होते आणि नव्या वस्तूची पूजा ही व्हायलाच हवी. मग ती वस्तू खटाऱ्याला का जोडलेली असेना.

खटारा म्हणजे सत्तर सालची निळी अमेरिकन शेव्हेल. लांब नाकाची, दोनच दारांची आणि सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळवणारी. ती मूळची शेजारच्या फ्रेंच बोलणाऱ्या म्हाताऱ्याची, मस्यू (म्हणजे श्रीयुत) लापॉइंत यांची. निळा रंग त्यांच्या बायकोने, जिनेटने, निवडलेला. ती गेल्यावर म्हातारा घर विकून सीनियर्स रेसिडेन्समध्ये राहायला गेला. तेव्हा गाडी मागणारे पुष्कळ होते, पण त्यांतल्या प्रत्येकाला चाकांवरचा पत्रा कापून आत जाडजूड चाकं कोंबायची होती. मस्यूंनी गुरुदत्तला एकच विचारलं होतं, “पत्रा कापणार नाहीस ना?” गुरुदत्तने हातात हात देऊन ‘नाही’ म्हटलं. तेव्हापासून दर वर्षी, गाडी हिवाळ्यासाठी झाकून ठेवायच्या आधी, तो म्हाताऱ्याला नदीकाठाने चक्कर मारून आणायचा. तो रविवार आज होता. २००९ चा सप्टेंबर संपत आला होता आणि हवेनेही आज कृपा केली होती.

एवढं सगळं असताना पुढच्या चाकांना रुंद टायर घालायची अवदसा त्याला का आठवली? लोकांना तो सांगायचा की पावसात पुलावर ब्रेक मारला की गाडीचं नाक भलतीकडे जातं. ते खोटं नव्हतं. पण समोरून पाहिलं की तगड्या पैलवानाच्या काटकुळ्या पोटऱ्या दिसायच्या, हे त्याला जास्त खुपायचं. मॉन्ट्रियलला विमानांचे भाग डिझाइन करणारा माणूस तो. त्याने मापं घेतली, कम्प्युटरवर चित्र काढलं आणि टायर नि पत्रा यांत चांगलं बोटभर अंतर राहतंय अशी स्वतःची खात्री करून घेतली. काल टायर बसले. जुन्यांना चिरा पडल्या होत्या, ते गॅरेजवाल्याने भंगारात टाकले.

जयंतीबाईंनी हळदकुंकू वाटीत कालवलं आणि पुढच्या दोन्ही टायरांच्या खांद्यांवर गोलाकार बोटं उमटवली. चाकांपुढे लिंबं ठेवली. “हं, घ्या आता पुढे, जावईबापू.”

लिंबं फच्च झाली. गुरुदत्त हसत रस्त्याच्या तोंडाशी आला आणि त्याने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं.

खर्रर्र.

त्याने ब्रेक दाबला. डावीकडे फिरवलं. पुन्हा खर्रर्र.

“लिंबू अडकलं असेल,” बाई म्हणाल्या.

“लिंबू असं ओरडत नाही, आई.”

सुनेत्रा, त्याची बायको, दारातूनच म्हणाली, “गुरु, मी म्हटलं होतं, आहे तीच टायर साइज ठेव. पण तुला शो करायचा होता ना!” त्याने गॅरेजवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, टायर घासतोय म्हणजे फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, कड लागत असणार. कड आत वळवू, नाही जमलं तर थोडी कापू, रंगाला मात्र तडे जातील. आणि तशी चालवू नकोस, वळणावर टायर फाटेल.

जुने टायर नाहीत. नवे घालून गाडी न्यावी तर म्हाताऱ्याला बाजूला बसवून टायर फाडायचा धोका. आणि पत्रा कापावा तर शब्द मोडला. मस्यू सकाळपासून कोट घालून लॉबीत बसले असणार, हेही त्याला माहीत होतं. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. चार लोकांनी पार्किंगमध्ये ‘नाइस’ म्हणावं म्हणून आपण हे केलं, आणि केलं ते नेमकं या माणसाच्या गाडीशी.

“अरे देवा, माझ्या पूजेनंच काही झालं का हो?” बाईंचा चेहरा एवढासा झाला.

“तुमचा काय संबंध, आई,” असं म्हणून तो टॉर्च घेऊन सरळ जमिनीवर आडवा झाला.

फेंडरच्या कडेवर त्याने टॉर्च फिरवला. निळी, स्वच्छ, डागसुद्धा नाही. टायरच्या खांद्यावरची कुंकवाची बोटं मात्र पुसटली होती. म्हणजे ते कुंकू गेलं कुठे? त्याने टॉर्च चाकाच्या मागे नेला. तिथे चिखल उडू नये म्हणून बोल्टने लावलेला जाड रबरी मडफ्लॅप लोंबत होता, आणि त्याच्यावर लालभडक पट्टा उमटला होता. दुसऱ्या बाजूलाही तेच. पत्र्याला टायर शिवलासुद्धा नव्हता. चित्र काढताना तेवढे मडफ्लॅप साहेबांच्या ध्यानात राहिले नव्हते.

“आई!” तो खालूनच ओरडला. “तुमच्या कुंकवानं दाखवलं बघा कुठे घासतंय ते!”

त्याचा जीव भांड्यात पडला. मडफ्लॅप काढून त्याने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, गाडी पुढेमागे केली, सुनेत्राला शेजारी बसवून स्पीड बंपवरून नेली. गाडी गप्प. जयंतीबाई खटाऱ्याच्या मागच्या सीटवर आपणहून जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “चला, मलाही तो म्हातारा बघायचाय.”

मस्यू लापॉइंत रेसिडेन्सच्या दारातच उभे होते. दर वर्षीसारखा त्यांनी पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या आतून अंगठा फिरवला, आणि थांबले. गुरुदत्तला आता आठवलं. मडफ्लॅप काढताना त्यांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

“माझे फ्लॅप कुठायत?”

“काढले, मस्यू. नवे टायर घासत होते. पत्र्याला हात लावला नाही.”

म्हाताऱ्याने वाकून कड पुन्हा चाचपली, मग दुसऱ्या बाजूची. टायरवरचं कुंकू बोटाला लागलं ते त्याने उजेडात धरून पाहिलं.

“माझी बेल-मेर,” मागे सासूबाईंकडे बोट दाखवत गुरुदत्त फ्रेंचमध्ये म्हणाला. “आशीर्वाद दिलाय.”

मस्यूंनी काचेतून जयंतीबाईंकडे पाहून टोपी उचलली. मग म्हणाले, “ते फ्लॅप मीच लावले होते, बर्फातल्या मिठाला घाबरून. जिनेट एक महिना बोलली नव्हती माझ्याशी. म्हणायची, सुंदर बाईला गमबूट घातलेस.”

ते आत बसले. बाहेर पडताना गुरुदत्तने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. मस्यूंनी डोकं तिरकं करून कान दिला, मागे जयंतीबाईंनी डोळे मिटून हात जोडले. कसलाही आवाज आला नाही.

“सा व्हा, ठीक आहे, जिनेट,” म्हातारा डॅशबोर्डवर हात ठेवत हळूच म्हणाला. “गमबूट काढले.”