आठशे फुटांचा चौक

सन १६८८, जूनची चार तारीख. सकाळी नऊच्या घंटेला सांता पोर्फिरिया या स्पॅनिश वसाहतीच्या धक्क्यावर जहाजातून एकतीस नग उतरले: तेलाचे एकोणीस बुधले, वाइनची नऊ पिंपे, दोन लोखंडी नांगर आणि एक पत्र. पहिल्या तीस नगांकडे गावाने ढुंकूनही पाहिले नाही.

पत्राची वाट पाहण्यात तीन वर्षे गेली होती. गावाचे सामाईक धान्यकोठार समुद्रालगतच्या चौकात उभे होते आणि गेल्या चार वर्षांत तीनदा, सप्टेंबरच्या वादळात, त्यात कमरेइतके खारे पाणी शिरले होते. मका नासला की बावीस कुटुंबे पुढचे पीक येईपर्यंत नुसत्या माशांवर दिवस काढत. मासा दिसला की पोरे भोकाड पसरत. समुद्रापासून ७४० फुटांवर एक टेकाड होते. कोठार तिथे न्यावे, असे गावाचे मोजणीदार बल्तासार किरोगा यांचे म्हणणे होते. मात्र कोठार चौकाला लागूनच असले पाहिजे, असा राजाचा कायदा होता, आणि कायदा मोडण्यापेक्षा हात मोडलेला बल्तासारांना परवडला असता. सतरा वर्षांपूर्वी मेण लावलेली दोरी ताणून त्यांनीच हा चौक आखला होता: तीनशे फूट लांब, दोनशे फूट रुंद, चारही कोपरे काटकोनात. म्हणून त्यांनी नकाशा जोडून रीतसर परवानगी मागितली होती.

गावाचे अंमलदार कप्तान लेस्मेस आर्सोला यांनी सर्वांसमक्ष मोहोर फोडली, पत्र वाचले आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

"मोजणीदार, दरबार विचारतोय, तुमच्या नकाशात उत्तर दिशा कुठाय?"

"वरच्या बाजूला, कप्तानसाहेब. आणखी कुठे असणार?"

"ते तुम्हाला माहीत. कागदावर बाण नाही. 'दिशा दाखवून नकाशा पुन्हा सादर करावा.' एवढंच आहे. खाली शिक्का."

बल्तासार जवळच्या बुधल्यावर मटकन बसले. त्यांची पत्नी कासिल्दा मागेच उभी होती.

"माझा भांग जरा वाकडा गेला तर काटकोनाचा गुण्या लावून दाखवता," ती म्हणाली, "आणि बाण काढायचा राहिला?"

"नवा नकाशा या जहाजाने गेला तरी जबाब यायला आणखी तीन वर्षं," कप्तानांनी बोटांवर मोजत हिशोब सांगितला. "तोवर तीन सप्टेंबर येतात. दोन घरांनी आत्ताच सामान बांधलंय. यंदा मका भिजला तर अख्खं गाव हवानाची वाट धरील. आणि त्या अर्जावर सही तुमची आहे, माझी नाही."

नदीच्या पलीकडे इंग्रजांची वस्ती होती. तिलाही पुराचा तडाखा बसला होता. परंतु त्यांनी अख्खे गाव नऊ दिवसांत उंचावर हलवले होते. ते कसे, हे कळणे भाग होते. इंग्रजांशी व्यवहार करण्यास मनाई असल्यामुळे बल्तासारांनी वहीच्या पहिल्या पानावर 'शत्रूची पाहणी' असे ठळक लिहिले आणि ते नावेत बसले.

पलीकडे सव्वीस घरे होती आणि त्यांची तोंडे सव्वीस दिशांना होती. प्रत्येक घराभोवती छातीइतके कुंपण. गावाचे नाव अजून ठरायचे होते. त्यावर पाच सभा होऊन गेल्या होत्या. ओबडाया थ्रप नावाच्या सुताराने बल्तासारांना कुंपणाच्या फाटकाशीच थांबवून सफरचंदाची दारू दिली. चार वर्षे स्पॅनिश तुरुंगात काढल्यामुळे त्याला त्यांची भाषा उत्तम येत होती, शिव्या तर अधिकच उत्तम.

"तुमचा चौक कुठे आहे?" बल्तासारांनी विचारले.

"म्हणजे सगळ्यांची मिळून एक जागा?" थ्रप खो खो हसला. "अहो, इथे सख्खे भाऊ एका विहिरीवर पाणी भरत नाहीत!"

"मग कोठार?"

"त्यावर अकरा सभा झाल्या. तेरा जण हो म्हणतात, तेरा नाही म्हणतात. मका ज्याच्या त्याच्या माळ्यावर."

"मग अख्खं गाव हलवायची परवानगी दिली कुणी?"

"गाव हलवलं असं म्हणतं कोण? मी फक्त कुंपण सरकवलं. उंचवटा कुंपणात आला, म्हणजे माझा झाला. आता माझ्याच कुंपणात मी घर खाली ठेवीन नाहीतर वर. विचारणारा कोण?"

"आणि शेजारी?"

"चार दिवस बोंबलला. पाचव्या दिवशी त्याने त्याचं सरकवलं."

बल्तासारांनी वही मिटली. या वस्तीत काटकोन म्हणून औषधालाही नव्हता. तरीही परतीच्या वाटेवर, नदीच्या मध्यावर, ते वल्ही सोडून स्तब्ध बसले. नाव भरकटत किनाऱ्याला लागली, तेव्हा ते तडक घरी गेले आणि त्यांनी कायद्याचे बाड उघडले. चौक किमान तीनशे बाय दोनशे. कमाल आठशे बाय पाचशे बत्तीस. गाव वाढेल हे लक्षात घेऊन माप ठरवावे. ते कलम त्यांना तोंडपाठ होते. चौक मागाहून वाढवता येणार नाही, असे मात्र त्यात कुठेच नव्हते.

दोन दिवस ते दोरी आणि खुंट्या घेऊन गावभर फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी कप्तानांची गर्जना ऐकू आली.

"मोजणीदार! ही दोरी माझ्या स्वयंपाकघरातून का गेलीय?"

"आपलं घर आता चौकात आहे, कप्तानसाहेब."

"कालपर्यंत मी चौकाच्या कडेला राहत होतो!"

"कालपर्यंत चौक लहान होता. आता टेकाडसुद्धा चौकात येतं. कोठार तिथे नेलं तरी ते चौक सोडत नाही. परवानगीचा प्रश्नच उरत नाही."

"बावीस घरांना आठशे फुटांचा चौक? पलीकडे उभ्या माणसाला हाक मारायला तोफ उडवायची का? आणि लांब करायचा तर करा, रुंद कशाला?"

"लांबी रुंदीच्या दीडपट. ते मोडता येत नाही."

"तुमचं घर बरं सुटलं!"

"निम्मं चौकात आलंय. कोंबड्यांचं खुराडं तर पूर्ण."

"तो इंग्रज परवडला!" कासिल्दा दारातून ओरडली. "त्याची बायको निदान कुंपणाच्या आत चूल पेटवते. मी भर चौकात भाकरी भाजू?"

चौकातली घरे पाडावीत, हेही कायद्यातच होते. त्यावर कप्तानांनी सर्व अंमलदारांची जुनी रीत वापरली. त्यांनी ते पान ओठांना लावले, बाड डोक्यावर ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हटले, "राजाज्ञा शिरसावंद्य! मात्र चौकातल्या घरांपुरता अंमल तहकूब. महाराजांना इथली परिस्थिती कळलेली नसावी. मी खुलासा मागवतो."

या रीतीचा बल्तासारांना सतरा वर्षे मनस्वी तिटकारा होता. आज त्यांनी नुसते विचारले, "खुलासा यायला किती दिवस?"

"तीन वर्षं."

"उत्तम. नकाशा मी काढून देतो. बाणासकट."

"मग बाकीचा अंमल चालू करा," कप्तान म्हणाले आणि दोरीखालून वाकून न्याहारीला गेले.

ऑगस्टअखेर कोठार टेकाडावर उभे राहिले. गावाने पीक वर नेले. कप्तानांनी मात्र आपल्या वाट्याची पोती घरीच ठेवून घेतली. "मीही चौकातच राहतो," ते म्हणाले. "मूठभर मक्यासाठी ती चढण कोण चढणार?"

एकोणीस सप्टेंबरला वादळ आले. कप्तान दुपारभर जेवणाच्या मेजावर उभे राहिले आणि तिथूनच हुकूम सोडत राहिले. दुसऱ्या दिवशी गाव सोडायला निघालेल्या त्या दोन घरांनी बांधलेले सामान सोडले. पाणी ओसरल्यावर बल्तासारांनी पोती स्वतः मोजली आणि वहीत नोंद केली.

टेकाडावरील कोठारात ४०९ पोती. कप्तानांच्या स्वयंपाकघरात ३. भिजलेली पोती, एकूण ३.