मानसिंगांची फीत

पुण्याच्या ध्वनिसंग्रहानं सीड्यांचा पहिला गठ्ठा परत पाठवला, तेव्हा उमा टेबलावर डोकं टेकून नुसतीच बसून राहिली.

साताऱ्याच्या एका लहानशा इतिहास मंडळात ती नोकरीला होती. एका प्राध्यापकांनी पूर्वी सातारा-सांगलीकडच्या जुन्या सैनिकांच्या मुलाखती टेप केल्या होत्या. त्या फिती आता झडायला लागल्या होत्या. वर्षभर खपून उमानं त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, प्रत्येक फाइलला नाव, गाव, पलटण लावली आणि कायमच्या जतनासाठी सीड्यांवर भरून पुण्याला पाठवल्या.

‘फाइली मूळ फितींपेक्षा कमी लांबीच्या आहेत. जशाच्या तशा हव्यात,’ असं पुण्याहून कळवलं होतं.

उमानं खोकले कापले होते, कोंबड्यांचे आवाज कापले होते, मुलाखत संपल्यावरची कुजबुजही. ऐकणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

“परत सगळं?” नियाजनं विचारलं. राजवाड्याजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मंडळाचं जुनं टेपयंत्र त्याच्याच हातानं चालायचं.

“सगळं, नियाजभाई.”

“मग आधी चहा सांगतो.”

तासाभराच्या फितीला तासभर द्यावाच लागतो. संध्याकाळी उमाचे कान ठणकायचे. घरी कुणी बोललेलंही नको व्हायचं.

अशात कडेगावच्या मानसिंगांची फीत आली. ते दुसऱ्या महायुद्धात लिबियात पकडले गेले, पुढं इटलीच्या छावणीत कैदी होते. मुलाखत संपल्यावर प्राध्यापक चहाला उठले होते, पण यंत्र चालूच राहिलं होतं. हा भाग मागं उमानं न ऐकताच उडवला होता.

“नाथाजी गोळी लागून गेला म्हणून सांगितलंय समद्यांस्नी,” मानसिंग बायकोला हळूच म्हणत होते. “गोळी न्हवती गं. छावणीत हगवणीनं गेला. लय दिस आयला हाका मारत व्हता.”

मग बायकोचा आवाज आला, “आता बोललासा, परत बोलू नगासा. बनाच्या कानावर जाईल.”

उमानं हेडफोन काढला आणि नियाजलाही ते ऐकवलं. “हे कसं पाठवू?”

“घरच्यांना विचारून,” तो म्हणाला.

मानसिंग वारले होते. पत्नी सुलाबाई हयात होत्या. उमा तेवढा भाग कॅसेटवर घेऊन, लहान टेप पिशवीत टाकून एसटीनं कडेगावला गेली. कशाचं आहे ते कळताच सुलाबाईंनी आधी आतून दार लोटलं, मग टेपला कान लावून ऐकलं.

“आजी, बना कोण?”

“नाथाजीची भन. हितं समोरच ऱ्हाती. भाऊ पटकन गेला, येवढंच सुख हाय तिला.”

“मग काढून टाकू का हे?”

सुलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “नगं. जनमभरात त्येंनी येकदाच सांगितलं. परत लाव.”

उमानं परत लावलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या, “पर बना हाय तवर कुणाला ऐकवू नगासा.”

“तसं करता येतं. बंद म्हणून ठेवता येतं.”

तेवढ्यात दार ढकलून एक वाकलेली म्हातारी आत आली. सुलाबाईंनी टेपवर पदर टाकला.

“कोण गं पावनी?”

“साताऱ्याची हाय, बने. पलटणीचं लिवत्यात.”

“मग माज्या भावाचं बी लिव, पोरी. नाथाजी. येका गोळीत गेला. कळलं बी न्हाई त्याला.”

उमानं वही उघडली. “लिहिते, आजी,” ती म्हणाली.

परतीच्या एसटीत तिला झोप लागली नाही, जाग असल्यासारखंही वाटलं नाही.

गठ्ठा पुन्हा पुण्याला गेला. मानसिंगांची फाइल पूर्ण होती, आणि सुलाबाईंची अट सोबत लिहिलेली होती. या वेळी पुण्याहून पोच आली, सगळं घेतलं म्हणून.

नियाज दुसऱ्या गठ्ठ्यातली फीत यंत्रावर चढवत होता. “लावू?”

“थांबा जरा,” उमा म्हणाली, आणि खुर्चीतच डोळे मिटून बसली.